चुकाऱ्याच्या दिवशीची बचत: राळेगाव तालुक्यातल्या एका गावातल्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

अभ्यासिकेत संध्याकाळी पहिली बैठक. खोली आणि फळा ग्रामपंचायतीचा, खडू माझा. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या पोरापोरींना बोलावलं होतं. बरेच जण आले, काही फक्त पंख्याखाली बसायला.

दिवसा मी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. अंगठा लावून पैसे काढून द्यायचे, पासबुक भरून द्यायचं. कोणाच्या खात्यात किती आले ते दिसतं आणि ते किती तास टिकले तेही दिसतं. हा प्रकल्प त्यातूनच सुचला. वहीत खरी नावं आहेत. इथे कामावरून ओळख लिहितो: वेल्डर, शिलाईवाली, पिकअपवाला, भरतीवाला (पोलीस भरतीची तयारी करणारा), चाकणवाला (कंपनीतून परत आलेला).

पेरणीच्या तोंडावर बचतीच्या गोष्टी करता म्हणून सरपंचबाई हसल्या. मला मात्र हाच महिना हवा होता. उधारीचा खरा भाव जूनमध्येच कळतो. बीटी कपाशीच्या पाकिटाचा यंदाचा ठरलेला दर ८६४ रुपये. रोखीने घेणाऱ्याला बिल मिळतं, उधारीवाल्याचा हिशोब दुकानदाराच्या वहीत राहतो आणि तो कापूस निघाल्यावर कळतो.

फळ्यावर सावकाराचं कर्ज मांडलं. २० हजार रुपये, शेकडा ३, जून ते डिसेंबर. महिन्याला ६००, सहा महिन्यांचे ३,६००. तेवढ्यात भरतीवाला म्हणाला, "पोस्ट चार टक्के देते, सावकार तं तीनच घेते. मंग सावकारच बरा ना भाऊ!"

सगळे हसले, पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचा समज तोच होता. सावकाराचे ३ महिन्याचे, पोस्टाचे ४ वर्षाचे. वर्षाचा मेळ घातला की सावकार ३६ टक्क्यांवर जातो. हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवले आणि फळा पुसला नाही.

पुढचा हिशोब जास्त महत्त्वाचा. डिसेंबरच्या चुकाऱ्यातून (विकलेल्या मालाच्या पैशातून) २० हजार बाजूला काढून पोस्टाच्या बचत खात्यात जूनपर्यंत ठेवले, तर व्याज ४०० रुपयांच्या आसपास. ऐकून पोट्ट्यांनी तोंडं वाकडी केली. पण तेच २० हजार हाताशी असले तर ३,६०० द्यावे लागत नाहीत. आमच्याकडच्या पोराची पहिली बचत व्याज कमावण्यासाठी नसते, व्याज न देण्यासाठी असते. प्रकल्पाचं सगळं काम या एका हिशोबावर उभं करायचं ठरवलं.

चाकणवाल्याने विचारलं, पीककर्ज असताना सावकार कशाला? प्रश्न बरोबर आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात ते शून्य टक्क्याने पडतं. पण बाप थकबाकीदार असला की ते दार बंद, आणि सातबारा अजून बापाच्याच नावावर.

३० जून २०२४, रविवार

आजचा विषय: पैसा कधी येतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगतात, पगाराचे तीन भाग करा, गरजेला ५० टक्के, हौसेला ३०, बचतीला २०. पण खोलीत पगार एकालाही नाही.

बारा महिन्यांचा तक्ता काढला आणि प्रत्येकाने आपापली कमाई खडूने भरली. वेल्डरचा पैसा रोजचा, पण पावसाळ्यात काम निम्मं. पिकअपवाल्याचा फेरीवर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर, मग ओसरतो. शिलाईवालीचा लग्नसराईत आणि दिवाळीत. शेतीवाल्यांचा ऑक्टोबरात सोयाबीनचा, मग डिसेंबर-जानेवारीत कापसाचा. जुलै-ऑगस्टचे रकाने जवळजवळ कोरे. भरतीवाल्याने आधी सगळाच रकाना कोरा ठेवला. मग आठवून कापूस वेचाईचे आणि लग्नात वाढप्याचं काम केल्याचे पैसे लिहिले. ते त्याने कधी कमाईत धरलेच नव्हते.

ठरलं ते असं: महिन्याच्या तारखेशी बचत बांधायची नाही, पैसा हातात आला त्या दिवसाशी बांधायची. वेल्डर कामाच्या दिवशी ५० रुपये. पिकअपवाला फेरीमागे १००. शेतीवाल्यांनी चुकाऱ्यातला दहावा हिस्सा, बाजारातून घरी यायच्या आत. ही शेवटची अट पोरांनीच घातली. त्यांना आपलं घर माहीत आहे.

१४ जुलै २०२४, रविवार

ठेवायचं कुठे, यावर आजची सगळी बैठक गेली. पोस्टातल्या आवर्ती ठेवीची माहिती फळ्यावर लिहिली. हप्ता किमान १०० रुपये, मुदत पाच वर्षं, सध्याचा दर ६.७ टक्के. महिन्याला ५०० भरले तर ३० हजारांचे पाच वर्षांनी ३५ हजार सहाशेच्या वर. हप्ता चुकला तर शंभरामागे १ रुपया दंड. चार हप्ते चुकून पाचवाही गेला की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं.

पोरांची अडचण दंडाचीच होती. "जुलैत पाचशे कुठून आणू भाऊ?" हे तिघांनी तीन तऱ्हांनी विचारलं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. या खात्यात हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्यामागे १० रुपये, बारा भरले तर ४०. म्हणजे ५०० च्या खात्यात वर्षाचे सहा हजार चुकाऱ्याच्या दिवशी भरले तर २०० रुपये सूट आणि वर्षभर हप्त्याची कटकट नाही. ही सोय पगारदाराला फारशी लागत नाही. कापूसवाल्याला ती अगदी मापाची आहे.

दुसरी सोय कर्जाची. बारा हप्ते भरून वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. म्हणजे वर्षाला ८.७. फळ्यावरच्या ३६ कडे बोट दाखवलं, जास्त बोलावं लागलं नाही.

मध्येच पैसे काढायचे तर तीन वर्षांनंतर खातं मोडता येतं, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने. अडीअडचणीचा पैसा म्हणून यात घालायचा नाही. तो वेगळा, साध्या खात्यात, कमी व्याजावर, पण आज मागितला तर आज मिळेल असा.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

या आठवड्यात केंद्रावर पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यांवर आले. एकवीस वर्षांवरच्या आमच्या गटातल्या पोरीही त्यात.

शिलाईवाली दोन दिवस "आले नाही" म्हणून परत जात होती. फॉर्ममध्ये दिलेलं खातं रिकामंच. तिसऱ्या दिवशी आधारवरून तपासलं तर पैसे दुसऱ्याच खात्यावर. बारावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, ती विसरूनही गेली होती. थेट लाभाचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यावर जातो, फॉर्मवर काहीही लिहा. त्या खात्याला मोबाईल नंबर भावाचा. त्यामुळे पैसे आल्याचं तिच्या आधी त्याला कळलं होतं. गाडीवरून जाता जाता तो तिला म्हणालाही होता, "ताई, तुहे पैशे आले वाट्टे. टायरले हजार दे."

लगेच ती शाखेत गेली. अर्ज, आधारची झेरॉक्स, अंगठा. आधी स्वतःच्या नावावर सिम घेतलं, कारण तोवरचं सिमही भावाच्याच नावावर होतं. मग केंद्रावर येऊन विचारून गेली, "आता मेसेज माह्याच फोनवर येईन ना? दोन्हीकडं नाई ना?"

आज पोरींची वेगळी बैठक घेतली. प्रत्येकीचं पासबुक उघडून खात्याला कोणाचा नंबर आहे ते बघितलं. भाऊ, बाप, एकीचा तर मोबाईल दुकानदाराचा. यादी केली, पुढच्या आठवड्यात सगळ्या मिळून शाखेत जाणार.

भाऊ लोभी आहे असं मी म्हणणार नाही. घरात पैसा दिसला की तो घरचा, असंच आमचं घर चालतं आणि वेळेला तेच घर धावूनही येतं. पण तेवीस वर्षांच्या पोरीच्या स्वतःच्या नावावर काहीच नसणं हे त्या घराच्याही कामाचं नाही. शिलाईवालीने स्वतःच तोड काढली: दर महिन्याच्या दीड हजारातले हजार आईच्या हातात, सगळ्यांसमोर. उरलेल्या पाचशेचं पोस्टात खातं. लपवाछपवी नाही आणि मागायला जागाही नाही. पोरांपैकी कोणाला हे जूनपासून सुचलं नव्हतं.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. बैठक नाही. पुतण्या लाकडी बैलाला आतापासून बेगड लावून बसला आहे आणि बोजारा (बैल घेऊन घरोघरी गेलं की मिळणारे पैसे) किती जमेल याचा अंदाज माझ्याकडून घेतो आहे. कमाई येण्याआधीच तिचा खर्च ठरवून बसला आहे. घराण्याला शोभतो.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गावात एकजण फिरतो आहे, तीन वर्षांत दामदुप्पट. वेल्डरने पावतीपुस्तकाचा फोटो आणला. छपाई गुळगुळीत, शिक्का गोल, पण नोंदणी कोणाकडे ते लिहिलेलं नाही.

७२ चा नियम सांगितला. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २४ टक्के. जो माणूस २४ टक्के देतो तो स्वतः किती कमावतो आणि कशातून, एवढंच विचारा म्हटलं. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर अशा कंपन्यांबद्दल बघता येतं, तक्रारही करता येते. बुडाल्यावर महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे, पण पैसा परत मिळेपर्यंत पोरांना पोरं होतात.

पतसंस्थेचा विषय त्यातूनच निघाला. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला ते नाही. बाहेर पाटीवर काही लिहिलेलं असो, ती बँक नव्हे. एक-दीड टक्का जास्त मिळतो तो त्या जोखमीचा.

भिशीवर मात्र माझं पोरांशी जमलं नाही. मला ती वाईट वाटत नाही. दहा जण, महिन्याला हजार. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला बिनव्याजी कर्ज, शेवटी जिची निघते तिची बिनव्याजी ठेव. ओळखीतल्या लोकांत हे चालतं, आणि न भरणाऱ्याच्या दारात सगळ्या मिळून जातात. तो धाक पोस्टात नाही. चाकणवाल्याचं म्हणणं, व्याज नाही तर उपयोग काय. वाद तसाच ठेवून चहा झाला. एवढं मात्र सगळ्यांना पटलं की अडीअडचणीचा पैसा भिशीत नको. दुखणं चिठ्ठी निघायची वाट बघत नाही.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारातली बोली त्याच्या खालीच. ओलावा जास्त सांगून आणखी पाडतात. तरी पहिला चुकारा आला आणि ठरल्याप्रमाणे काहींनी दहावा हिस्सा बाजूला काढला. सगळ्यांनी नाही.

वेल्डरला गाडी घ्यायची आहे. कर्जाच्या कागदावर "व्याज फक्त १२ टक्के". ६० हजार, दोन वर्षं, हप्ता ३,१००. हिशोब सरळ दिसतो: वर्षाला ७,२००, दोन वर्षांचे १४,४००. मी विचारलं, शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे त्यांचे ६० हजार राहिलेत का? मुद्दल तर दर महिन्याला कमी होते, व्याज मात्र पूर्ण ६० हजारांवर. उतरत्या शिलकीवर बघितलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. "फक्त १२" असं ठळक लिहिलेलं असलं की आधी विचारायचं: सपाट की उतरता?

गाडी तो घेणारच आहे, कामाला लागते. पण निम्मे रोख भरून घ्यायची म्हणतो.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

बुधवारी मतदान. अर्धे पोट्टे प्रचाराच्या गाड्यांवर, रोज मिळतो आणि जेवण वेगळं. बैठक झाली नाही. भरतीवाल्याने त्या रोजातलेही पैसे जमा केले, हे लिहून ठेवतो.

८ डिसेंबर २०२४, रविवार

भरतीवाल्याच्या आईचं ऑपरेशन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, ऑपरेशनचा खर्च लागला नाही. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

तरी पैसे लागलेच. त्याने सगळं एका कागदावर लिहून आणलं. जाण्या-येण्याची एसटी, एकदा रात्रीची खाजगी गाडी, सोबत राहणाऱ्या दोघांचं जेवण, बाहेरून आणलेली औषधं, थर्मास, चादर. आणि यादीत त्याने न लिहिलेली, मी विचारल्यावर कळलेली सगळ्यात मोठी रक्कम: ऐन वेचाईच्या दिवसांत आईचा आणि त्याचा बुडालेला रोज. सीतादही (वेचाईच्या सुरुवातीची पूजा) होऊन वेचा जोरात होता आणि घरातले दोन हात दवाखान्यात.

त्याच्या वेगळ्या खात्यात जूनपासूनचे तीन हजारांच्या आत जमले होते. सगळे गेले, थोडे मावशीकडून हातउसने घेतले, पण शेकड्याने कुठून घेतले नाहीत. दुखण्याचा पैसा म्हणजे डॉक्टरचं बिल एवढंच आम्ही धरत होतो. आता तक्त्यात 'बुडालेला रोज' असा रकाना वाढवला. प्रत्येकाने निदान महिनाभराच्या मजुरीइतका पैसा साध्या खात्यात ठेवायचा, आणि तो वापरला गेला तर पोस्टाच्या आगाऊ हप्त्याआधी तो भरून काढायचा.

विम्याचंही आज उरकलं. जीवनज्योतीचे वर्षाला ४३६, सुरक्षा विम्याचे २०, दोन्हीत दोन-दोन लाख. पहिला कोणत्याही कारणाच्या मृत्यूसाठी, दुसरा फक्त अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. हात मोडला तर यातून काही मिळत नाही, हे दोनदा सांगितलं. आता घेतला तर जीवनज्योतीचे २२८ च लागतात, कारण वर्ष मे अखेर संपतं. खरी गोम त्याच मे मध्ये आहे. पुढच्या वर्षाचे पैसे मे च्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कटतात आणि नेमकं तेव्हाच बियाण्यासाठी खातं झाडून काढलेलं असतं. केंद्रावर असे तुटलेले विमे मी कितीतरी बघतो. घरच्यांना दोन वर्षांनी, कोणी गेल्यावर कळतं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

चाकणवाल्याचा पीएफ. सव्वादोन वर्षं ठेकेदारामार्फत काम, मध्ये ठेकेदार बदलले, त्यामुळे यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एक पण त्याखाली खाती तीन. शेवटच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती आणि फोन उचलत नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख पोर्टलवरून स्वतःलाही भरता येते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आला, भरली. दोन जुनी खाती तिसऱ्यात वर्ग करायचा अर्जही केला.

शिल्लक ६६ हजारांच्या वर. त्याचे डोळे मोठे झाले. पगारपत्रकात कापलेले १,८०० दिसायचे, मालकाच्या बाजूचेही त्यात पडतात हे माहीत नव्हतं. लगेच काढून घेणार म्हणाला.

काढता येतात, नोकरी सुटून बरेच महिने झाले. पण पाच वर्षांच्या आत ५० हजारांवर काढले की टीडीएसची (आधीच कापल्या जाणाऱ्या कराची) भानगड, उत्पन्न कमी असल्याचा १५जी फॉर्म भरावा लागतो. आणि गेल्या वर्षाचा व्याजदर ८.२५ टक्के, नोकरी सुटली तरी व्याज चालू. त्याने स्वतःच खडू घेतला, ७२ भागिले ८.२५. दर असाच राहिला तर पावणेनऊ वर्षांत दुप्पट. "म्हणजे दामदुप्पटवाला हाच का?" वेल्डर म्हणाला.

निर्णय आज झाला नाही. घरी बहिणीच्या लग्नाचं बोलणं चालू आहे आणि ६६ हजारांचा आकडा आईला सांगून बसला आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

कापसाचे बहुतेक चुकारे झाले. काहींनी हिंगणघाटला नेला, काहींनी घरूनच खेडा खरेदीवाल्याला दिला. शुक्रवारी गटातले सहा जण मिळून पोस्टात गेले आणि बारा-बारा हप्ते आगाऊ भरले. सुटीचा हिशोब पोस्टमास्तरांनी पासबुकात लिहून दिला. शिलाईवाली महिन्याचाच हप्ता भरते, तिला तेच सोयीचं.

गळाले तेही लिहायला हवेत. दोघांनी ऑक्टोबरनंतर काही जमा केलं नाही. एकाचं लग्न झालं. दुसऱ्याच्या बापाने कापसाचा सगळा पैसा जुन्या कर्जात भरला. शेकडा ३ चं कर्ज होतं, म्हणून मी त्याला गळालेला धरत नाही. ३६ टक्क्यांचं कर्ज फेडणं हीच त्याची यंदाची बचत. वहीतही तसंच लिहिलं.

पिकअपवाला, वय पंचवीस, अटल पेन्शनचं विचारत होता. महिन्याला ३७६ भरले तर साठीनंतर महिन्याला ५ हजार. मी त्याला उलटा हिशोब करून दाखवला: महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या ५ हजारांत आजच्या साडेसहाशेचा माल येईल. घेऊ नको असं नाही म्हटलं. आधी महिनाभराच्या मजुरीचं खातं भर, मग बघू. त्याऐवजी वर्षाला ५०० भरून पीपीएफ (लांब मुदतीच्या सरकारी बचतीचं) खातं उघडून ठेव म्हटलं, पंधरा वर्षांची मुदत या मार्च अखेरपासूनच मोजायला लागते आणि हात मोकळा होईल तेव्हा जास्त भरता येतं. तो म्हणाला, दोन्ही कागद घरी दाखवतो, बायको दहावीत गणितात पहिली होती.

मेसाठी कामं: २० तारखेच्या आत प्रत्येकाच्या खात्यात ४५६ रुपये आहेत का ते बघायचं. बियाण्याला कोणाला किती लागणार आणि बाजूला किती आहेत, याचा तक्ता भिंतीवर लावायचा. भरतीवाल्याचं मैदानी ट्रेनिंग त्या काळात असेल तर त्याचे पैसे कोणी भरायचे, ते त्याने आधी सांगून जायचं.